निजाम भिस्त्याचं भेव

कारंजा गावात भित्र्या माणसांची वानवा कधीच नव्हती, पण निजामुद्दीन भिस्त्याइतकं मन लावून भिणारा दुसरा कोणी नव्हता. विंचवाला, विजेला, फौजदाराला सगळेच भितात, त्यात विशेष काही नाही. निजाम कुत्र्याला भ्यायचा. गल्लीतलं लूत भरलेलं, तीन पायांवर चालणारं मरतुकडं कुत्रं समोरून आलं, तरी पाठीवरची पाण्याने भरलेली कातडी मशक सावरत हा बाप्या मागच्या मागे वळायचा आणि अर्ध्या गावाला वळसा घालून गिऱ्हाइकाच्या दारात पोचायचा. रिकाम्या रांजणाजवळ बसून वाट पाहणाऱ्या बाया विचारायच्या, "आज कोणतं कुत्रं भेटलं, निजामभाई?" आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. निजाम हसायचा नाही. मशकीचं तोंड सोडून मुकाट पाणी ओतायचा.

हसणाऱ्यांत जुनी माणसं नसायची, कारण जुन्यांना चांद आठवत होता. चांद हा निजामचा धाकटा भाऊ. निजाम नऊ वर्षांचा आणि चांद सहाचा असताना ऋषी तलावाच्या काठी एका कुत्र्याने चांदच्या टाचेला तोंड लावलं. घरच्यांनी जखमेत तिखट भरलं, एका बाबाकडून फुंकर मारून आणली, जखम भरली आणि सगळे विसरून गेले. महिना उलटून आणखी दहाएक दिवस झाले असतील. एका सकाळी आईने चांदला पाण्याचा कटोरा दिला. त्याने तो तोंडाजवळ नेला आणि त्याचा गळा असा आवळला, की कटोरा अंगणात जाऊन पडला. मग त्याला पाणी दिसलेलं चालेना. पुढे पुढे तर बाप मशक रिकामी करी तो आवाज ऐकूनही पोर झटके द्यायला लागलं. शेवटी बापाने घरातले सगळे रांजण बाहेर नेऊन उपडे केले. पिढ्यान्‌पिढ्या गावाला पाणी पाजणारं घर, आणि त्या घरात तीन दिवस पाण्याचा थेंब नव्हता. चौथ्या दिवशी चांदला कबरस्तानात नेलं.

त्या तीन दिवसांत निजामने एक गोष्ट मनाशी पक्की बांधली: जे पिसाळतं ते पाण्याला भितं. गावातही सगळे तेच म्हणत. माणूस असो की कुत्रं, पाणी दाखवलं की कळतं.

अशा माणसाच्या नशिबी बॉक्सर कुत्रं यावं, ही वरच्याची थट्टा म्हणायची.

झालं असं, की मूर्तिजापूरच्या लहान गाडीच्या रुळाजवळ एक जिनिंग फॅक्टरी होती. तिथे नवं इंजिन बसवायला सदतीस साली एक जर्मन साहेब आला. नाव क्राउझ. माणूस उंच, लालबुंद आणि मनाने चांगला. त्याच्याबरोबर बोटीतून आला रोल्फ. रोल्फ पाहायला पहिले चार दिवस कारंजं लोटलं होतं. अंगाने वासराएवढं भरलेलं, रंगाने गव्हाळ, छातीवर पांढरा पट्टा, शेपूट बोटभर ठेवून छाटलेलं आणि तोंड असं चपटं, की धावत येऊन भिंतीवर आदळलं असावं. त्या तोंडाच्या दोन्ही बाजूंनी लाळेच्या तारा लोंबायच्या. झोपलं की घोरायचं, तेही एखाद्या जेवलेल्या मामलेदारासारखं. फॅक्टरीचा चौकीदार उदयसिंग म्हणायचा, "या कुत्र्याले साहेबाचा बाप म्हना, झोपते तर तसंच."

फॅक्टरीच्या बंगल्यावर पाणी भरायचं काम निजामच्या बापाकडे होतं, तेच निजामकडे आलेलं. नाही म्हणावं तर वाडवडिलांपासूनचं काम तुटतं, हो म्हणावं तर दारात वाघ बांधलेला. निजाम पहिल्या दिवशी फाटकापासून परत आला. दुसऱ्या दिवशी उदयसिंगने त्याला हाताला धरून आत नेलं.

उन्हाळा लागला आणि साहेबाने निजामला आणखी एक काम सांगितलं. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारायचं, तसं कुत्र्यावरही मारायचं. दिवसातून तीनदा, आणि भर दुपारी तर चुकवायचं नाही. साहेब मोडक्या हिंदुस्तानीत सांगायचा, की याचं नाक आखूड आहे. लांब तोंडाचं कुत्रं धापा टाकून अंग निववतं, याला तेवढं जमत नाही. आमचा मुलूख थंड आहे, ही जात तुमच्या वैशाखासाठी केलेली नाही. पाणी आधी पायांवर मार, मग पोटावर, मग मानेवर, आणि उन्हात याला पळू देऊ नकोस.

निजामने तोड काढली. बंगल्याचा ओटा छातीइतका उंच होता. तो ओट्यावर उभा राहायचा, रोल्फ खाली अंगणात. वरून मशकीचं तोंड दाबून निजाम लांब धार सोडायचा. रोल्फला वाटायचं, हा खेळच आहे. ते मागच्या पायांवर उभं राहून पुढच्या दोन पंजांनी त्या धारेला ठोसे मारायचं, एक डावा, एक उजवा. साहेब आरामखुर्चीत बसून पोट धरून हसायचा. म्हणायचा, "देखो निजाम, इसी वास्ते नाम बॉक्सर." निजाम ओट्यावर उभा राहून थरथरायचा.

साहेबाला कुत्र्याची कुळकथा सांगायची हौस होती. याचे आजे-पणजे जर्मनीच्या रानात रानडुकरं धरायचे. शिकारी येईपर्यंत डुकराला जबड्यात पकडून ठेवायचं, सोडायचं नाही. नाक मागे असल्यामुळे पकड न सोडताही श्वास घेता यायचा. पुढे रानं कमी झाली तेव्हा खाटकांनी ती कुत्री उधळलेले बैल आवरायला ठेवली. मग साहेबाच्या गावी, म्युनिकला, लोकांनी त्यांच्यात इंग्रजी बुलडॉगचं रक्त मिसळलं आणि ही जात उभी राहिली. मागच्या लढाईत हे चिठ्ठ्या पोचवायचे, पहारा द्यायचे. तीन वर्षांचं होईपर्यंत पिल्लासारखं वागतं, परक्यावर डोळा ठेवतं आणि घरच्या लेकरासाठी जीव टाकतं. साहेब हे सगळं प्रेमाने सांगायचा. त्यातलं डुक्कर तेवढं निजामच्या ध्यानात राहिलं. आधीच कुत्रं, त्यातून डुक्कर धरणाऱ्यांच्या घराण्यातलं. निजाम घरी आला की हात कोपरापर्यंत धुवायचा.

भिस्त्याच्या दृष्टीने त्यात आणखी एक मेख होती. कुत्र्याची लाळ नापाक. भांड्याला लागली तर भांडं घासून शुद्ध करता येतं. मशक कातड्याची. तिच्या तोंडाला कुत्र्याचं तोंड लागलं असं गावात कळलं, तर त्या मशकीचं पाणी कोण घेईल?

दोन उन्हाळे असे ओट्यावरून निभले. मग एकोणचाळीसच्या सप्टेंबरात विलायतेत लढाई सुरू झाली आणि क्राउझ साहेब एका रात्रीत दुश्मन झाला. अकोल्याहून फौजदार आणि दोन शिपाई आले. साहेबाला सामान बांधायला तासभर दिला. निजाम तेव्हा न्हाणीघरात पाणी भरत होता. साहेब हातात साखळी घेऊन तिथे आला. त्याचा चेहरा निजामने कधी असा पाहिला नव्हता. साहेबही भ्यालेला होता. निजामला फार आश्चर्य वाटलं, कारण साहेबलोक भितात हे त्याला माहीत नव्हतं. साहेबाने साखळी त्याच्या ओल्या हातात दिली आणि एवढंच म्हणाला, "गरमी मत लगने देना, निजाम. पानी. पानी." निजामने मान हलवली. साखळीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा साहेब टांग्यात बसला होता.

रोल्फ बंगल्यातच राहिलं. गाडीची वेळ झाली की ते फाटकाशी जाऊन बसायचं आणि रुळाकडे तोंड करून कान टवकारायचं. निजामला त्याची दया येई. पण ती दया तो दहा हातांवरून करी.

दहा हातांचं ते अंतर मोडलं त्याच्या लेकीने. फरहत सात वर्षांची. आधीची तीन लेकरं गेल्यावर जगलेली ही एकटी. बापाला भाकर द्यायला म्हणून ती बंगल्यावर आली आणि पहिल्याच दिवशी रोल्फच्या पोटाला पाठ टेकून बसली. निजामची बोबडी वळली. कुत्र्याने मात्र नुसती मान वळवून तिला हुंगलं आणि डोळे मिटले. तेव्हापासून रोल्फची सगळी उस्तवार तिच्याकडे गेली. तागाच्या तुकड्याने त्याचं आखूड केसांचं अंग चोळायचं, तोंडावरच्या घड्या ओल्या फडक्याने पुसून कोरड्या करायच्या, भाकरी दुधात कुस्करून थोडी थोडी घालायची. निजाम ओट्यावरून पाहत उभा राही. लेकीला ओढून आणायला खाली उतरण्याचीही त्याची छाती होत नसे. घरी तो बायकोला, सुलतानबीला म्हणे, "त्या पोट्टीले तू काहून धाडते?" सुलतानबी म्हणे, "तुमचं भेव तिले द्यायचं हाय का? तुमच्याजवळच ठेवा ते."

चाळीस सालचा वैशाख आला. फॅक्टरीचा हंगाम संपलेला, इंजिन बंद, आवारात उदयसिंग आणि कुत्रं एवढेच. सकाळी दहाला पायाखालची माती पोळायला लागायची. दिवसा वारा असा यायचा, की चुलीचं तोंड कुणी तरी गावाकडे फिरवलं आहे.

त्या दिवशी सकाळी निजामने रोल्फवर पहिलं पाणी मारलं आणि तो फरहतला घेऊन घरी निघाला. वाटेत ती आपल्याच नादात म्हणाली, "अब्बा, रोल्फ लई शाना हाय. काल मले काटा रुतला होता न बोटाले, तिथं त्यानं आज चाटलं. आता दुखत नाई."

निजाम रस्त्यात थांबला. त्याने लेकीचं बोट हातात घेऊन पाहिलं. उजव्या हाताचं मधलं बोट, बाभळीच्या काट्याची जखम, तोंड अजून उघडं. त्याने तिला विहिरीवर नेलं आणि ते बोट मातीने धुतलं, राखेने धुतलं, पुन्हा मातीने धुतलं. पोरगी रडायला लागली तरी धुतच राहिला. घरी आल्यावर तो तिचा हात धरून भिंतीशी बसला. सुलतानबी म्हणाली, "चाटलं न ते. चावलं तर नाई. चांगलं धडधाकट कुत्रं हाय, आजवर कोनाच्या वाटेले नाई गेलं." निजामच्या कानांत काही शिरत नव्हतं. समोर टाच दिसत होती, आणि अंगणात पडलेला कटोरा.

असा तो बसून राहिला. ऊन माथ्यावर आलं, उतरायला लागलं. मशक खुंटीवर टांगलेलीच होती.

दुपार टळायच्या आत उदयसिंग धापा टाकत दारात आला. डोक्याचा फेटा सुटून गळ्यात आलेला. म्हणाला, "निजाम, पोट्टीले आता तिकडं धाडू नको. तुया साहेबाचं कुत्रं पिसाळलं."

सुलतानबीने विचारलं, "कशावरून म्हनता?"

"कशावरून म्हंजे? तोंडाले फेस हाय. चालते तर झोकांड्या खाते, भिताडावर जाऊन आदळलं. डोये लाल. आवाज असा काढते का अंगावर काटा येते. कसंतरी वजनाच्या काट्याच्या खोलीत कोंडलं अन् कडी घातली. घरी बंदूक घ्याले आलो. आता जाऊन उडवतो."

उदयसिंग गेला. सुलतानबी फरहतला पोटाशी धरून मटकन खाली बसली. सकाळपासून धीर देणारी बाई, पण तिचेही ओठ आता पांढरे पडले होते. निजाम उठला. कुठे जायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. हाताने सवयीने खुंटीवरची मशक काढली आणि पाय गुरांच्या दवाखान्याकडे वळले.

तिथले जगदेवराव डॉक्टर कोपरापर्यंत हात घालून एका अडलेल्या म्हशीशी झटत होते. निजामने दारातून तुटक तुटक सांगितलं: बोट, जखम, फेस, बंदूक. जगदेवरावांनी मान वर केली नाही, पण बोलले ते नीट बोलले. "आयक. त्याले मारू देऊ नको. पिसाळलं असंल तर ते आपोआप दहा दिवसांत मरते. दहा दिवस जगलं, तर पोट्टीले काई नाई. आज मारलं तर आपल्याले काय समजन? अकोल्याले सुया भेटतेत, पोटात घ्या लागतेत, पन त्या लागू पडतीनच असं कोनी सांगत नाई. कुत्रं जितं ठेव, निजाम. मी हे मोकळं करून येतोच."

म्हणजे आजवर ज्याला पाहून पळत आलो, त्याचा जीव राखायचा. त्या कुत्र्याच्या श्वासाला आपल्या लेकीचा श्वास बांधलेला. निजाम पळत सुटला. कारंज्यातल्या लोकांनी निजामला कुत्र्यापासून पळताना पुष्कळदा पाहिलं होतं. कुत्र्याकडे पळताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

फॅक्टरीच्या आवारात आठ-दहा माणसं जमली होती, लांब लांब, हातात काठ्या. काट्याच्या खोलीत कापसाच्या गाठी तोलायचे; लहानशी खोली, वर पत्रा, एक दार. उदयसिंग ठासणीच्या बंदुकीत दारू भरत होता. निम्मी दारू नळीबाहेर सांडत होती.

"मारू नको," निजाम म्हणाला. "पोट्टीच्या बोटाले चाटलं त्यानं. ते जगलं तर पोट्टी जगते. डाक्तरनं सांगतलं."

"अन् कोनाले फाडलं मंग?"

"पानी दाखवतो त्याले. पिसाळलं असंल तर पान्याले भेईन. भ्यालं तर मार."

हे सगळ्यांना पटलं. जमलेल्यांत असा एकही नव्हता, ज्याला ही परीक्षा ठाऊक नव्हती. उदयसिंगने ठासणी खाली ठेवली. म्हणाला, "दाखव. मी दारात उभा राह्यतो. तू मंधात येऊ नको."

निजामने बंगल्याच्या विहिरीवर मशक भरली. नेहमीची भरलेली मशक, रोज वीस वेळा पाठीवर घेतलेली. त्या दिवशी ती दोनदा खाली ठेवून मग त्याने पाठीवर घेतली. त्याने मनात दुआ म्हणायला घेतली आणि मधलेच शब्द हरवले. खोलीत ओटा नव्हता. दहा हात तर सोडाच, तीन हातही जागा नव्हती. कडी काढताना त्याला एकच गोष्ट स्वच्छ कळत होती, की आपण आत जाऊ नये. तरी तो आत गेला.

आतली हवा अंगावर आली ती भट्टीसारखी. रोल्फ कोपऱ्यात काट्याच्या लाकडी फळीला टेकून आडवं पडलं होतं. जीभ बाहेर, जांभळी पडलेली. तोंडाभोवती घट्ट, चिकट फेस. डोळे उघडे होते, पण ते कुणालाच पाहत नव्हते. घशातून करवतीसारखा आवाज येत होता. निजामने मशकीचं तोंड सोडलं. धार कुत्र्यावर न पडता फरशीवर पडली आणि तिचे शिंतोडे उडाले.

रोल्फचं सगळं अंग शहारलं.

"भ्यालं!" दारातून कुणी तरी म्हणालं. उदयसिंगने बंदूक खांद्याला लावली.

निजामला चांद दिसला. असाच शहारला होता. संपलं सगळं, आता बाजूला व्हायचं आणि घरी जाऊन लेकीचं तोंड पाहत बसायचं. तो सरकलाही असता. पण त्याची नजर कुत्र्याच्या पायांवर गेली. पंजे कोरडे होते, धुळीने भरलेले, गाद्या भेगाळलेल्या. आणि त्याला आठवलं, की दुपारचं पाणी आज मारलेलंच नाही. खुंटीवर मशक होती आणि मी भिंतीशी बसलो होतो. साहेबाने एकच काम सांगितलं होतं.

"थांब," तो म्हणाला. "अजून एक डाव. अजून एकच." आणि उदयसिंगच्या नळीसमोर पाठ करून तो कुत्र्याजवळ खाली बसला.

आधी पाय. मग पोट. मग मान. साहेबाने सांगितलेल्या क्रमाने तो पाणी सोडत गेला. लांबून होईना, म्हणून त्याने डाव्या हाताने ते जड डोकं उचललं आणि मांडीवर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुत्र्याला हात लावला. कातडं तव्यासारखं तापलं होतं. लाळ त्याच्या पायजम्याला लागली, हाताला लागली, मशकीच्या तोंडाला लागली. खांद्यावरच्या पटक्याने तो वारा घालत राहिला आणि रडत राहिला. आपण रडतो आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं; उदयसिंगने पुढे सांगितलं तेव्हा कळलं.

मशक निम्मी झाली असेल. रोल्फने पुढचा उजवा पंजा उचलला. फार नाही, वीतभर. आणि मानेवर पडणाऱ्या धारेला त्याने एक हलकीशी चापट मारली. मग जीभ काढून मशकीच्या तोंडाचं पाणी चाटलं, थांबलं, पुन्हा चाटलं.

उदयसिंगने बंदूक खाली केली. बाहेरचे लोक एकमेकांकडे पाहायला लागले.

जगदेवराव आले तेव्हा कुत्रं व्हरांड्यात वाळ्याच्या पडद्याआड पडलं होतं आणि त्याच्या धापा उतरल्या होत्या. डॉक्टरांनी डोळे पाहिले, हिरड्या दाबून पाहिल्या. "ऊन लागलं याले," म्हणाले, "अन् तुमी त्याले पत्र्याखाली कोंडता. अजून घंटाभर राह्यतं तर मेलंच असतं." मग त्यांनी विचारलं, की एवढ्या माणसांना थोपवलं कसं? निजामने सांगितलं. सांगताना त्याच्या आवाजात थोडा ताठा होता. जन्मात एकदा तरी तो मिरवायला त्याला हक्क होता.

जगदेवरावांनी कपाळाला हात लावला. "कोनं सांगतलं तुले हे? अरे, पान्याले भेते ते मानूस. पिसाळलेलं कुत्रं पानी पेते, नदीतून पोहून बी जाते. हे कुत्रं खरंच पिसाळलं असतं न, तर पानी बी पेलं असतं अन् तुयं नरडं बी धरलं असतं."

निजाम जिथे होता तिथेच बसला. खोलीत शिरताना वाटलं नव्हतं एवढं भय त्याला आता वाटलं. ज्या एका गोष्टीवर तीस वर्षं भरवसा ठेवला, जिच्या जोरावर आत गेलो, तीच खोटी. त्याने विचारलं, "म्हंजे अजून काई समजलं नाई?"

"मले तं ऊनच वाटते," जगदेवराव म्हणाले. "पन खात्री दहा दिवसांनंच."

फॅक्टरीच्या शेठने निरोप धाडला, की ते जनावर आवारात नको. म्हणून निजामने रोल्फला घरी आणलं आणि अंगणातल्या निंबाला बांधलं. शेजारपाजारचे बोलले. नापाक जनावर दारात, फरिश्ते फिरकणार नाहीत, वगैरे. सुलतानबी कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "तहानल्या कुत्र्याले पानी पाजलं म्हनून अल्लानं गुनाह माफ केल्याची गोष्ट तुमीच सांगता न जुम्म्याच्या दिवशी? मंग आता काय झालं?" ती मशक निजामने रोल्फच्या नावाने वेगळी टांगली आणि गावासाठी दुसरी शिवून घेतली. तरी काही घरांनी पुढचे चार महिने त्याचं पाणी घेतलं नाही.

ते दहा दिवस त्याने कसे काढले हे त्याचं त्यालाच ठाऊक. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसे दर दिवशी नवे राक्षस. तिसऱ्या दिवशी रोल्फने भाकर हुंगून सोडून दिली. निजामने घरात कुणाला जेवू दिलं नाही. मागून कळलं, की सुलतानबीच्या हातून भाकरीवर चिमूटभर तिखट सांडलं होतं. सातव्या दिवशी रोल्फचा आवाज बसला. निजाम दवाखान्यात जाऊन जगदेवरावांना हाताला धरून घेऊन आला. आणि रोज सकाळी, लेकीचे डोळे उघडले की, तो पाण्याचा कटोरा घेऊन तिच्यासमोर बसायचा. "पे." ती प्यायची. तो तिच्या गळ्याकडे पाहत राहायचा. घोट खाली उतरला की त्याच्या छातीतलं काही तरी खाली बसायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत. फरहतला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. तिने तो खेळ समजून घेतला आणि कटोरा संपला की उलटा करून दाखवायला लागली.

दहाव्या दिवशी जगदेवराव आले. रोल्फने मागच्या पायांवर उभं राहून त्यांच्या छातीवर दोन्ही पंजे ठेवले आणि त्यांची टोपी पाडली. जगदेवराव टोपी झटकत म्हणाले, "सुटली तुयी पोट्टी."

निजामने मान हलवली. पण चांदला महिन्यावर दहा दिवस लागले होते, आणि डॉक्टरांच्या दहा दिवसांपेक्षा चांदचे दिवस निजामच्या जास्त ओळखीचे होते. कटोरा चाळीस दिवस चालला. चाळीस झाल्यावरही बंद झाला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "सवय झाली."

क्राउझ साहेबाचं पुढे काय झालं ते कारंज्यात कळलं नाही. रोल्फ आणखी पाच उन्हाळे जगलं. ते उन्हाळे निजामने एकही दुपार न चुकवता ओले केले, ओट्यावरून नव्हे, शेजारी बसून. गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांना तो भ्यायचा तो भ्यायचाच. मरतुकडं कुत्रं दिसलं की अजूनही अर्ध्या गावाला वळसा. बाया हसायच्या. पंचेचाळीसच्या हिवाळ्यात रोल्फ झोपेतच गेलं. निजामने त्याला बंगल्यामागे पुरलं आणि त्याची मशक त्या मातीवर ठेवली.

एकोणपन्नास साली फरहतचं लग्न झालं. दिलेलं घर मालेगावचं. दुपारची वेळ, दारात दमणी जुंपलेली, बाया रडतायत, वऱ्हाडी घाई करतायत. फरहत दमणीत बसली. बैल हलणार एवढ्यात निजाम माणसांतून वाट काढत आला. हातात काठोकाठ भरलेला कटोरा. सासरची माणसं बुचकळ्यात पडली. अशी काही रीत त्यांच्यात नव्हती, कारंज्यातही नव्हती.

"पे," तो म्हणाला.

फरहतने घुंगट थोडा वर केला. आतापर्यंत तिला चांदची गोष्ट कळलेली होती. तिने कटोरा दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश, घोट घोट करत, बापाला गळा दिसेल अशी मान वर करून सगळं पाणी प्याली. मग कटोरा उलटा करून त्याच्यासमोर धरला. त्यातून एक थेंब निजामच्या तळहातावर पडला.

"जा आता," निजाम म्हणाला, आणि त्याने गाडीवानाला हात केला.